‘अम्मा’ लिहिलेली कॅसेट

जैतूनला लिहायला टेबल नव्हतं. असतं तरी त्यावर लेकीची पुस्तकं आणि इस्त्रीचे कपडे येऊन बसले असते, हे ती स्वतःच सांगायची. तिचं लिहिणं चालायचं स्वयंपाकघरात, आणि तेही हातानं नाही, तोंडानं. फ्रिजच्या डोक्यावर टेपरेकॉर्डर. इकडे तांदळाची भाकरी थापायची, तिकडे कोपरानं लाल बटण दाबायचं आणि समोर कोणी बसलंय अशा थाटात गोष्ट सांगत सुटायचं. शुक्रवारी नवरा जुम्म्याला गेला, की तीच कॅसेट मागेपुढे करत सगळं वहीत उतरवून काढायचं. आता म्हणाल, ही काय लिहायची रीत झाली? पण हात पिठात आणि डोक्यात गोष्ट, अशी वेळ ज्या बाईवर रोज येते तिनं दुसरं करावं तरी काय!

कतारला दोह्यात, अल हिलाल वस्तीत त्यांचा फ्लॅट. विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना कपाटातल्या बश्या वाजायच्या. विमान आलं की जैतून गोष्ट थांबवायची, गेलं की पुढं. विमान परवडलं, ते आपल्या वेळेनं जातं तरी. शेजारची नीता तशी नव्हती. पुण्याची, स्वभावानं लाख चांगली, पण वाटीभर रवा मागायला आली की नणंदेची अख्खी कहाणी सांगून जायची आणि रवा इथंच विसरायची. दीड वाजता हनिया शाळेतून यायची. वय बारा, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. मग इनायत. तो एका एसीच्या कंपनीत स्टोअरकीपर. दुपारी जेवायला घरी यायचा, तासभर पडायचा, चारला परत कामावर. कधी यायच्या आधी फोन करायचा, दोन माणसं आणतोय, कोलंबी आहे ना घरात? तेवढ्या वेळात गोष्टीतली बाई विहिरीवर भरलेली कळशी घेऊन ताटकळत उभी. जैतून भाताला आधण ठेवताना तिला मनातल्या मनात सांगायची, थांब गं, आलेच.

अशा चार कथा तिनं वहीत उतरवल्या, चांगल्या कागदावर नकलून रत्नागिरीला पाठवल्या, आणि चारही परत आल्या. पाचवीचं नशीब वेगळं निघालं. रत्नागिरीत राजाभाऊ म्हणून एक गृहस्थ स्वतःचा छापखाना चालवत आणि दरवर्षी एक दिवाळी अंक काढत. पाचव्या कथेचा पहिला अर्धा भाग जुलैत कोणाबरोबर तरी त्यांच्याकडे गेला होता, आणि नव्याण्णवच्या ऑगस्टअखेर त्यांचं पत्र आलं. निळ्या शाईत चारच ओळी. अर्धी वाचली, झोप उडाली, तुमच्यासाठी आठ पानं राखून ठेवली आहेत, शेवट पंधरा सप्टेंबरपर्यंत हातात पाहिजे, सोळाला मशीन चालू.

जैतूननं ते पत्र मसाल्याच्या डब्यात ठेवलं. दिवसातून दहा वेळा डबा उघडायचा आणि दहा वेळा पत्र वाचायचं. पत्राला हळद लागली तरी वाचायची हौस फिटेना.

गोष्ट होती अमिनाची. खाडीकाठच्या गावातली बाई, नवरा तेवीस वर्षं आखातात. दोन वर्षांनी दोन महिने यायचा, पाहुण्यासारखा राहायचा, जायचा. घर, पोरं, म्हातारी माणसं, सगळं अमिनानं एकटीनं ओढलं. आणि आता तो कायमचा परत आलाय. पडवीत खुर्ची टाकून बसतो आणि विचारतो, कुठं निघालीस? कोणाकडे? कशाला? तेवीस वर्षांत तिला कोणी हे विचारलं नव्हतं. सगळी गोष्ट अमिनाच सांगते, ‘मी, मी’ करून. पुढं ती काय करणार हे जैतूनला सप्टेंबर उजाडला तरी ठाऊक नव्हतं. तिनं अमिनाला चार वेळा समजूत घालून घरात बसवलं, दोनदा आजारी पाडलं, एकदा तर नवऱ्यालाच मारून टाकलं, मग स्वतःची लाज वाटून त्याला परत जिवंत केलं.

सात तारखेला सकाळी बांगडे साफ करताना ते आलं.

कसं आलं म्हणाल तर सांगता यायचं नाही. सुरी हातात होती आणि अमिना बोलायला लागली. जैतूननं कोपरानं बटण दाबलं. विमान आलं तरी थांबली नाही, बेल दोनदा वाजली तरी हलली नाही, नीता दाराबाहेरून हाका मारून परत गेली. आणि ऐन भरात खट्! कॅसेट संपली. दुसरी कोरी कॅसेट शोधायला बैठकीत जायचं म्हणजे तेवढ्यात अमिना निघून जायची. फ्रिजवर एकच कॅसेट पडली होती, अम्माची. जैतूननं माशाच्या हातानंच ती आत सरकवली आणि बोलत राहिली. अमिनानं तांदळाच्या डब्याखाली घराच्या किल्ल्या ठेवल्या, मागच्या दारानं धक्क्यावर गेली, पहिल्या होडीत बसली. शेवटचं वाक्य बोलून झालं तेव्हा जैतून रडत होती आणि हसतही होती, आणि मांजर खिडकीतून बांगड्यांकडे बघत होतं.

त्या कॅसेटचं आता सांगायला हवं. अम्मा म्हणजे जैतूनची सासू, रबिया. रत्नागिरीच्या खाडीपलीकडे गावात एकटी राहायची. तिला लिहिता येत नव्हतं, घरात फोन नव्हता, त्यामुळे सगळा पत्रव्यवहार कॅसेटवर. एकच कॅसेट. गावाला जाणाऱ्याबरोबर इथून जायची, अम्मा सगळ्या वाडीला पडवीत बसवून ऐकायची आणि त्याच संध्याकाळी त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून तयार ठेवायची. जुनं पुसायचं, नवं भरायचं, अशी सात वर्षं चाललेली. ‘अम्मा’ ही अक्षरं इनायतनं हिरव्या पेनानं उर्दूत घातली होती, कारण त्याची शाळा उर्दू. बोलायचं मात्र सगळं जैतूनवर. त्याला मशीनसमोर बसवलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. तू बोल, माझा सलाम सांग, एवढं म्हणून तो चप्पल शोधायला लागायचा.

शुक्रवारी इनायत नमाजला गेला. जैतूननं वही काढली, पेन्सिलीला टोक केलं, फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि नीताला आधीच वाटीभर रवा पोचता केला. पहिली कॅसेट उतरवून झाली. दुसरी घ्यायला फ्रिजवर हात फिरवला तर फ्रिजवर धूळ.

इनायत कलिंगड घेऊन परत आला तो खुशीत होता. काल संध्याकाळी चुलतभाऊ बशीर गावाला गेला, जाता जाता घाईत दारात आला होता, तू नीताकडे होतीस, अम्माची कॅसेट भरून ठेवलेली दिसली म्हणून दिली त्याच्याकडे. तू तर विसरलीच असतीस, असं वर म्हणाला. बिचाऱ्याचं चुकलं काय? ‘अम्मा’ लिहिलेली कॅसेट अम्माकडेच जाणार.

त्या कॅसेटवर काय होतं ते जैतूननं खाली बसून सांगितलं. हातात वही तशीच.

सगळं ऐकून इनायतचा चेहरा कलिंगडाच्या सालीसारखा झाला. हनियानं मात्र मार्ग काढला, “सो जस्ट से इट अगेन, मम्मी.” पोरीला वाटलं, गोष्ट म्हणजे पाढे. जैतूननं तेही करून पाहिलं. बटण दाबलं, डोळे मिटले, तीन वेळा सांगितलं. किल्ल्या होत्या, धक्का होता, होडीही होती, पण अमिना काही केल्या त्यात बसायला तयार नव्हती. घडलं काय ते सगळं आठवत होतं, पण ते शब्द गेले होते. आणि आठ पानं राजाभाऊंनी त्या शब्दांसाठी राखून ठेवली होती.

खरी धास्ती पुढंच होती. बशीर शनिवारी सकाळी गावात पोचणार. अम्मा दुपारी ऐकणार. आणि संध्याकाळी, सात वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे, जुनं पुसून नवं भरणार. म्हणजे शनिवारची संध्याकाळ झाली की खलास.

शनिवारी सकाळपासून जैतून फोनला चिकटली. गावात फोन एकच, पोपटरावाच्या दुकानात. लाइन लागेना. लागली तर भलत्याच घरी. एका बाईनं तर तिला सुनेचं बाळंतपण नीट झाल्याचं सांगितलं, आणि जैतूननं तिलाही मुबारक म्हणून घेतलं. इनायत कामावर गेलाच नाही, पोट दुखतंय असं कळवून शेजारी उभा राहिला, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. अकराच्या सुमाराला, म्हणजे तिकडे दीड वाजता, एकदाचा पोपटराव सापडला. जैतूनचा आवाज ऐकताच तो इतका मऊ बोलायला लागला की तिला कळेना, झालं काय. वहिनी, असं काही करू नका म्हणाला, रागाच्या भरात माणूस निघतो पण पोरीचा विचार करा, सगळी वाडी हळहळतेय.

तेव्हा कुठं जैतूनच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘मी, मी’ करून सांगितलेली गोष्ट. मी किल्ल्या ठेवल्या, मी मागच्या दारानं निघाले, मी आता या घरात परत येणार नाही. तिच्या आवाजात. भर पडवीत. वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांसमोर.

अम्माला बोलावून आणायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास जैतूननं कसा काढला ते तिलाच माहीत. तीन वेळा चहा केला आणि एकदाही प्यायली नाही. मग फोन लावला, तर अम्मानं आधी इनायतला द्यायला सांगितलं. पुढची तीन मिनिटं इनायतच्या तोंडून “अगं पण अम्मा” याखेरीज शब्द निघाला नाही. कान लाल झाले. चाळीस वर्षांच्या माणसाला आईनं असं सोललेलं हनियानं पहिल्यांदाच पाहिलं आणि तिला ते फार आवडलं.

शेवटी रिसीव्हर जैतूनच्या हातात आला.

“अम्मा, ती गोष्ट आहे. मी गोष्टी लिहिते. तुम्हाला कधी सांगितलं नाही. ती बाई मी नव्हे.”

अम्मानं विचारलं, “म्हणजे तू घर सोडत नायस?”

“नाही हो अम्मा.”

“आणि ती बाय?”

“ती सोडते.”

“हां,” अम्मा म्हणाली.

“अम्मा, खरं सांगा, त्या कॅसेटवर तुम्ही काही बोललात का?”

“बोललंय थोडं. ऐकल्याऐकल्याच बोललं. तुझं काय पुसलं नाय पण. तुझा आवाज संपला त्याच्या पुढं जागा होती, तिथं बोललं.”

जैतूननं फोनवर हात ठेवून जागच्या जागी एक गिरकी घेतली. पुसलं नव्हतं! अमिना तिथं होती, सगळीच्या सगळी, आणि वर रत्नागिरीच्या समोरच्या काठावर! छापखाना खाडीच्या अलीकडे, कॅसेट पलीकडे, मध्ये एक होडी. जैतूननं सगळं भराभर सांगितलं: राजाभाऊ कोण, पंधरा तारीख म्हणजे काय, कॅसेट कोणाच्या हातात द्यायची. बशीरबरोबर पाठवा म्हणाली, कारण अम्माचे गुडघे धरलेले, डोळ्यांच्या डॉक्टरखेरीज ती दोन वर्षांत खाडी ओलांडून गेली नव्हती. अम्मा फक्त “बघतंय” म्हणाली आणि फोन ठेवला. राजाभाऊंना जैतूननं लगेच छापखान्यात गाठलं आणि पहिल्या कॅसेटवरचा भाग वहीतून वाचून फोनवरच उतरवून घ्यायला लावला. पुढचं सगळं कॅसेटवरून उतरवायचं हे ऐकून ते पोटभर हसले, आणि शेवटपर्यंत उतरवून काढतो म्हणाले.

मग तीन दिवस काहीच नाही. बश्या वाजत होत्या, विमानं येत होती जात होती, आणि जैतून मसाल्याचा डबा उघडून पत्र वाचत होती. आमटीत दोनदा मीठ पडलं. नीता रवा परत द्यायला आली तर हिनं तिलाच वाटीभर साखर दिली.

पंधरा तारखेला दुपारी फोन वाजला. इनायतच्या तोंडात घास होता, तो तसाच थांबला. राजाभाऊ थोडकंच बोलले, लांबचा फोन म्हणून घाईत. कॅसेट कालच मिळाली, रात्रीत उतरवली, जुळवणी चालू झाली. “आणि शेवटी तुम्ही तो आवाज बदललात ना, बाई, त्याला तोड नाही,” एवढं म्हणाले आणि लाइन तुटली.

आपला आवाज रडून बसला होता त्याबद्दल म्हणत असतील, असं जैतूनला वाटलं. विचार करायला सवड होती कोणाला? तिनं हनियाला उचलून घेतलं, बारा वर्षांच्या घोडीला, आणि स्वयंपाकघरात नाचली. त्या संध्याकाळी खीर झाली, नीताला बोलावणं गेलं, आणि नीता चक्क दोन तास दुसऱ्याची गोष्ट ऐकत बसली.

बशीर परतला तो नोव्हेंबरात, शुक्रवारी सकाळी. सुकट, कोकम, अम्माच्या हातचे तांदळाचे पापड, आणि पापडांच्या खाली, वाकू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत बांधलेला अंक. जैतूननं सुटकेसचं बाकी काही पाहिलंच नाही. पान उघडलं. तिचं नाव. चांगलं ठसठशीत, वर कथेचं नाव, बाजूला होडीचं चित्र. तिनं त्या नावावरून बोट फिरवलं आणि शाई लागते का ते पाहिलं.

बशीर चहा पीत सांगत होता. कॅसेट त्याच्या हातात अम्मानं दिलीच नाही. स्वतः निघाली. दोघांनी धरून होडीत चढवली, कॅसेट पदरात गाठ मारून. छापखान्यात राजाभाऊंनी विचारलं, आजी, कुठपर्यंत उतरवायची? तर म्हणाली, शेवटपर्यंत, काय गाळू नका. बशीरला यात विशेष काही वाटलं नव्हतं. पण येताना ती होडीत एकदम हसायला लागली, म्हणाला, म्हातारी झाली आता.

बशीर गेल्यावर इनायत हात पुसत येऊन बसला. त्याला ही देवनागरी अक्षरं झरझर वाचता येत नसत, तो एकेक लावत बसायचा. “मोठ्यानं वाच,” तो म्हणाला. आजवर त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. हनियापण कॉमिक ठेवून आली. जैतूननं वाचायला घेतलं. विहीर आली, पडवीतली खुर्ची आली, इनायत जरा चुळबुळला. किल्ल्या तांदळाच्या डब्याखाली गेल्या. होडी हलली. तिचं शेवटचं वाक्य आलं, बांगडे साफ करताना आलेलं, जसंच्या तसं.

त्याखाली तीन फुल्या होत्या, आणि फुल्यांखाली आणखी अर्धं पान.

जैतूनची नजर पुढं धावली आणि ती थांबली. हे तिचं नव्हतं. एका ओळीत तिला सगळं कळलं, ‘तुझा आवाज संपला त्याच्या पुढं जागा होती’, ‘आवाज बदललात ना’, सगळं. इनायत समोर. अंक मिटून ‘संपली’ म्हणायचं, की झालं. त्याला थोडंच कळणार होतं!

“थांबलीस का?” इनायतनं विचारलं.

काय गाळू नका. जैतूननं पुढं वाचलं.

“बाय, तुझं ऐकलं. सगळ्यांना घरी पाठवून, दार लावून बोलतंय. तू किल्ल्या ठेवल्यास. मी पण ठेवलेल्या. डब्याखाली नाय, चुलीवरच्या फळीवर. ह्यांचं जहाज गेलेलं, कागद नाय, निरोप नाय, सासूचं तोंड दिवसरात्र चालू. इनायत पाळण्यात झोपलेला. त्याला तसाच ठेवून मी धक्का गाठला. होडीत पाय ठेवला. होडीवाल्यानं विचारलं, परत कधी? मना सांगता आलं नाय. उतरून मागारी आलं. किल्ल्या फळीवर तशाच होत्या, कोणाला कळलं पण नाय. चाळीस वर्षं मी कोणाला बोलली नाय. त्या दिवशी मना कोण म्हणालं असतं, ये माझ्याकडे, तर होडीतून उतरायची पाळी आली नसती. म्हणून तुना मी म्हणतंय. तुझे आईबाप नायत. निघालीस तर दुसरीकडे जाऊ नको, इथं ये. पोरीला घेऊन ये. इनायतला काय सांगायचं ते मी बघतंय.”

विमान आलं. बश्या वाजल्या, थांबल्या.

“ही तर अम्मा बोलतेय,” इनायत म्हणाला.

“हो.”

त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं, पाळण्यापासून. जैतूननं वाचलं. तिला रडू येत होतं आणि आनंदानं ऊर भरूनही येत होता. अर्धं पान अम्माचं होतं, आणि अख्ख्या कथेत तेच सगळ्यात चांगलं होतं, हे तिला लिहिणारी म्हणून स्पष्ट दिसत होतं आणि त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं.

इनायत उठला. तिला वाटलं, चप्पल शोधतोय. तो स्वयंपाकघरात गेला, फ्रिजवरून टेपरेकॉर्डर काढून आणला, बशीरनं परत आणलेली हिरव्या अक्षरांची कॅसेट हातात घेतली, क्षणभर बघितली आणि बाजूला ठेवली. एक कोरी काढून आत घातली. लाल बटण दाबलं आणि मशीनसमोर मांडी घालून बसला. कॅसेट फिरत राहिली. हनिया काहीतरी विचारायला गेली, जैतूननं तिचा हात धरला.

“अम्मा, मी इनायत,” तो म्हणाला. “तू मागारी आलीस तेव्हा मी जागा झालेलो काय?”